योजना संपली, आता नियम कोण पाळणार?

संगमनेर तालुक्यातील दरेवाडीचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. काही जण प्रशिक्षणाच्या निमित्ताने तिकडे जाऊनही आले असतील. डोंगरावरचे समतल चर बघितले, नालाबांध बघितला, जेवण झाले, फोटो निघाला आणि गाडी परत फिरली. आपल्या गावी आल्यावर पुढे काय झाले, ते ज्याचे त्याने आठवावे.

आज दरेवाडीची आठवण काढायचे कारण निराळे आहे. आपल्या जिल्ह्यात पाणलोटाच्या कामाचा विषय निघाला की राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे आणि हिवरे बाजारचे पोपटराव पवार ही दोन नावे आधी येतात, आणि ते योग्यच आहे. पण याच जिल्ह्यात एका ख्रिस्ती धर्मगुरूने याच कामात उभी हयात घालवली, त्याचे नाव मात्र बैठकीत शेवटी कुणाला तरी आठवते. फादर हर्मन बाखर हे ते नाव. स्वित्झर्लंडमधून १९४८ साली ते भारतात आले. नगरला 'सोशल सेंटर' उभे राहिले ते १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात. २००९ मध्ये ते मायदेशी परतले आणि २०२१ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. साठ वर्षे म्हणजे आपल्याकडे दोन पिढ्यांची शेती होते.

धर्मगुरू म्हटला की प्रवचन आले, असे आपण धरून चालतो. या माणसाचे प्रवचन बांधावर झाले. सुरुवातीची वर्षे विहिरी, उपसा, कर्ज यांतच गेली, जशी त्या काळी सगळ्याच संस्थांची गेली. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. विहीर खणली तरी झऱ्यात पाणी यायला वर डोंगरावर ते जिरावे लागते. विहीर म्हणजे घागर. घागरी वाढवून पाणी वाढत नसते. हा हिशेब पटल्यावर काम डोंगरमाथ्याकडे सरकले. नगर तालुक्यातील पिंपळगाव वाघा येथे १९८८ च्या सुमारास पाणलोटाचे काम सुरू झाले, आणि त्या अनुभवावर पुढे भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. पैसा जर्मनीचा, बँक म्हणून नाबार्ड, आणि काम गावाचे. गावांना तयार करण्यासाठी १९९३ मध्ये फादर बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी वॉटर ही संस्था काढली. ही संस्था धर्मप्रचाराची नाही, हेही इथेच सांगितलेले बरे. कारण 'परदेशी पैसा आलाय, म्हणजे मागे काहीतरी असणार' ही कुजबुज आपल्या पारावर लगेच सुरू होते. निर्णय ग्रामसभेचा, समिती गावाची आणि खाते त्या समितीचे, अशी रचना होती. पुढे केंद्र सरकारच्या १९९९-२००० च्या अर्थसंकल्पात नाबार्डकडे पाणलोट विकास निधीची तरतूद झाली, त्यामागेही या कामाचा अनुभव होता.

दरेवाडीचे काम १९९६ ला सुरू झाले आणि २००१ ला पुरे झाले. त्याआधी एप्रिल ते जुलै गाव टँकरवर असायचे. शेतीचा रोजगार वर्षातून तीन-चार महिने, बाकी दिवस बाहेरगावी. काम झाल्यावर रोजगार नऊ-दहा महिन्यांवर गेला आणि टँकर बंद झाला. वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने २००५ च्या आपल्या अहवालात या गावाची दखल घेतली आहे. पाऊस वाढला नव्हता. पडलेला पाऊस थांबवला गेला, एवढाच काय तो फरक.

एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण एक लाख लिटर पाणी होते. दहा हजार लिटरचे दहा टँकर! तुमच्या पाच एकराच्या माळावरून एका वळवाच्या सरीत पन्नास टँकर पाणी, सोबत वरची काळी माती घेऊन ओढ्याला जाते आणि आपण ओट्यावर बसून 'यंदा पाऊस बरा झाला' म्हणतो.

नियम आधी, पैसा मागून

चर आणि बांध कुणीही करू शकतो. जेसीबी आल्यापासून तर आठवड्यात होतात. या कार्यक्रमाचे वेगळेपण नियमात होते. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचे, मग योजना. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ग्रामसभेने स्वतः ठरवायची. काम माथा ते पायथा व्हायचे. म्हणजे पुढाऱ्याच्या मळ्याजवळचा बंधारा आधी आणि डोंगर मागून, असे चालायचे नाही. पाणी खाणारी पिके आणि बोअर यांवर आवर ठेवायचा. महिलांची समिती असायची आणि काम संपल्यावर देखभालीसाठी निधी राखून ठेवायचा.

यातला कोणता नियम जड गेला असेल? श्रमदानाला माणसे येतात. चार दिवस कुदळ मारली की झाले. खरा कस चराईबंदीत लागतो. आणि इथेच श्रद्धेचा प्रश्न येतो, तो जरा नीट बघू.

ख्रिस्ती धर्मावर एक जुना आक्षेप आहे. लिन व्हाइट नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने १९६७ साली असे मांडले की, माणसाला पृथ्वीवर सत्ता दिली आहे या बायबलमधल्या शिकवणीमुळे पाश्चात्त्य माणूस निसर्गाचा मालक होऊन बसला. आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. पण त्याच ग्रंथात, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात, माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत करायला आणि तिची राखण करायला, असेही आहे. मशागत आणि राखण! आपल्या शेतकऱ्याला या दोन शब्दांचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको. मालक जमीन विकू शकतो. राखणदाराला ती परत सोपवायची असते. मराठी बायबल वाचणाऱ्यांना 'कारभारी' हा शब्द ओळखीचा आहे. आपल्याकडच्या बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात, त्यातही मालकी कमी आणि हिशेबाची जबाबदारी जास्त, हे कारभाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

लेवीय नावाच्या पुस्तकात तर शेतीचे कायदेच आहेत. सहा वर्षे पेरावे, सातव्या वर्षी जमीन पड ठेवावी. आपले जुने लोक रान पड टाकायचे ते काही बायबल वाचून नव्हे, पण शहाणपण एकच. त्याच पुस्तकात आणखी एक नियम आहे: शेत कापताना कडेकोपरे सगळे कापू नयेत, गळालेला सरवा मालकाने वेचू नये, तो गरिबाचा आणि परक्याचा आहे. बाजरी सोंगली, भुईमूग काढला, की मागे सरवा वेचायला कोण येते, हे तुम्ही लहानपणापासून बघता. तो त्यांचा हक्क, अशी गावाचीही जुनी समजूत होती. आता हार्वेस्टर आला आणि सरवाही राहिला नाही, ती गोष्ट वेगळी.

चराईबंदीचा भार कुणावर?

हा सरवा मी उगीच मध्ये आणला नाही. चराईबंदी लागली की गायरान आणि फॉरेस्टचा डोंगर मोकळ्या चराईला बंद होतो. ज्याच्याकडे बारा एकर आणि दोन संकरित गाई, त्याचे काही बिघडत नाही. त्याच्या गाई गोठ्यात वैरण खातात. ज्याच्याकडे जमीन नाही आणि दहा शेळ्या आहेत, त्याचा दावणीचा चारा म्हणजे तो डोंगरच असतो. मेंढपाळाचेही तेच. सरपण आणायला लांब जावे लागते ते घरातल्या बाईला. आणि चार वर्षांनी पाणी वर येते ते कुणाच्या विहिरीत? ज्याला जमीन आहे त्याच्या. म्हणजे भार एकाने उचलायचा आणि फळ दुसऱ्याच्या पदरात, असा हा व्यवहार होऊ शकतो. पाणलोटावर ज्यांनी अभ्यास केला त्यांनी हे दुखणे पुन्हा पुन्हा मांडले आहे.

आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आले. एकोणिसाव्या शतकात खेडोपाडी जी मंडळी ख्रिस्ती झाली, त्यांत मोठी संख्या गावकुसाबाहेरच्या, जमीन नसलेल्या किंवा तुकड्यावर राबणाऱ्या घरांची होती. गायरान हाच अशा घरांचा आधार. त्यामुळे निसर्गाची राखण करा म्हणून त्यांना सांगताना, राखणीचा खर्च कुणाच्या खिशातून जातो, हेही विचारावे लागते. मंडळीत पाळकसाहेबांनी झाडे लावायला सांगितले, आणि त्याच मंडळीतल्या विधवेची शेळी गायरानातून हाकलली, असे होऊन कसे चालेल?

ज्या गावांनी हे ओळखले त्यांनी बंदी एकदम न लावता टप्प्याटप्प्याने लावली. आज हा डोंगर बंद, तो खुला. तीन वर्षांनी उलट. बंद क्षेत्रातले गवत जनावर न सोडता कापून न्यायची मुभा दिली. मजुरीचे काम भूमिहीनांना आधी दिले. बचत गटांतून शेळीऐवजी दुसरा धंदा उभा करायला हातउसने दिले. जिथे हे झाले नाही तिथे रात्रीतून कुंपण तोडले गेले, आणि मग पोलीस पाटलाचे काम वाढले. कागदावरचा नियम मोडणारा माणूस दरवेळी बेशिस्त नसतो. कधी कधी त्याच्या घरात चूल पेटायची असते. सरपंच मंडळींनी ठराव लिहिताना एवढे बघावे: ज्याचे नुकसान होणार त्याची सही ठरावावर आहे का, आणि त्याला काय मिळणार, ते त्याच ठरावात लिहिले आहे का?

पाणी आले, मग बोअर आली

आता दुखरी बाजू. पाणलोट झाले, विहिरींना पाणी आले, बाजरी-मटकीच्या जागी कांदा, टोमॅटो, डाळिंब आले. मुले शिकली, घरे बांधली गेली. हे सगळे चांगले. पण पाणी दिसू लागल्यावर हाव सुटली. शेजाऱ्याने दोनशे फूट घेतले, मग आपण तीनशे. तोही थांबला नाही, आपणही नाही. आपल्याकडे खाली काळा पाषाण. त्यात वाळूसारखे पाणी साठत नाही; भेगांत आणि मुरमाच्या थरांत जे असते ते. खोल बोअर म्हणजे वर्षानुवर्षे भेगांत साठलेल्या ठेवीला हात. आणि वर शेततळे! पावसाचे पाणी साठवायला म्हणून शासनाने अनुदान दिले, आणि कित्येक ठिकाणी ते भरले बोअरने. जमिनीखाली सावलीत असलेले पाणी वर आणून उन्हात वाळवायचे, आणि त्याला जलसंधारण म्हणायचे. याच्या इतका उरफाटा व्यवहार दुसरा नसेल.

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा, अंमल २०१४ पासून. साठ मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहीर किंवा बोअर शेतीसाठी घेता येत नाही, असे त्यात आहे. त्याआधीचा १९९३ चा कायदा सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंदी घालत होता. आता खरे सांगा, बोअरचा ट्रक गावात शिरला तेव्हा या कायद्याची आठवण कुणाला झाली? तलाठी भाऊसाहेबांना? ग्रामसेवकांना? ट्रक रात्री येतो आणि सकाळी निघून जातो. जुना नियम गावाने स्वतः केला होता तोवर त्याला धाक होता. योजना संपली, समितीची मुदत संपली, संस्थेची जीप यायची थांबली आणि नियम पाळणे ज्याच्या त्याच्या इमानावर आले.

हिवरे बाजारने हे ओळखून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायची प्रथा ठेवली. पाऊस किती पडला, पिण्याला किती, जनावरांना किती, उरले किती, आणि त्यात कोणते पीक बसते, हे ग्रामसभेत मांडले जाते. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. वॉटर संस्थेनेही पुढच्या काळात गावातलीच मुले 'जलसेवक' म्हणून तयार करून हेच मोजमाप शिकवायला सुरुवात केली. बंधारे बांधून प्रश्न संपत नाही, हे त्यांनाही कळून चुकले होते, असा याचा अर्थ मी लावतो. बाजरीचे भागायला साधारण साडेतीनशे-चारशे मिलिमीटर पाणी लागते. पाटपाण्याच्या उसाला दोन हजारांच्या पुढे. आणि आपल्या जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यात पाचशेच्या आसपास पाऊस. हे गणित चौथीच्या पोराला सुटेल.

बागायतदारांनी मात्र हसू नये. भंडारदरा धरण १९२६ ला पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांनी श्रीरामपूर, राहुरीकडचा मुलूख हिरवा केला, आणि त्याच मुलखात अति पाण्याने क्षारपड झालेली, चोपण जमीनही आपण बघतो. कमी पाण्याने एकीकडचे रान गेले, जास्त पाण्याने दुसरीकडचे.

याच श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. राज्याच्या कानाकोपऱ्यातून लोक येतात, नऊ दिवसांचा नोव्हेना होतो, ख्रिस्ती नसलेलेही नवस फेडायला येतात. सप्टेंबर महिन्याला आणखी एक महत्त्व आहे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख दिमित्रिओस यांनी १९८९ मध्ये १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये कॅथलिकांसाठीही तो लागू केला. तिथपासून ४ ऑक्टोबरपर्यंत, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, हा काळ जगभरच्या मंडळ्या पाळतात. पोप फ्रान्सिस यांचे २०२५ मध्ये निधन झाले. त्यांचे 'लाउदातो सी' हे २०१५ चे परिपत्रक पृथ्वीचे आणि गरिबाचे रडणे एकच आहे, या विचारावर उभे आहे. आपल्याकडे हा काळ म्हणजे बाजरी काढणीचा, परतीच्या पावसाची वाट बघण्याचा. यात्रेनंतर मैदानात उरणाऱ्या पाण्याच्या बाटल्या आणि पत्रावळ्यांचा ढीग बघितला की वाटते, प्रार्थना तिकडे आणि कचरा इकडे, असे किती वर्षे चालणार? पंढरीच्या वारीत, मोहट्याच्या यात्रेत हेच चित्र असते, म्हणून एकट्या हरेगावला बोल लावत नाही.

तिकडे वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीतून जो लढा दिला, तो अशाच पाण्याचा होता. बिल्डरांच्या टँकरसाठी शेतकऱ्यांच्या विहिरी उपसल्या जात होत्या. धमक्या आल्या, तरी हा माणूस हटला नाही. पुढे २०२० च्या उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते गेले. वसईची बागायती आणि आपला माळ यांत जमीन-अस्मानाचे अंतर, पण टँकर दोन्हीकडे तोच.

गावच्या मंडळीला, मग ती मेथडिस्ट असो, सीएनआय असो वा कॅथलिक, करता येण्यासारखी कामे साधी आहेत. प्रार्थनामंदिराचे छप्पर दोन हजार चौरस फूट असेल, तर पाचशे मिलिमीटर पावसात त्यावरून नव्वद हजार लिटर पाणी वाहून जाते. एक पन्हळ, एक पाइप आणि कोरड्या विहिरीजवळ शोषखड्डा, एवढ्याने ते जिरते. मिशनच्या आवारातली जुनी विहीर अनेक गावांत अजून आहे. कुठे बुजली, कुठे कचऱ्याने भरली. ती गाळ काढून मोकळी करायला सरकारी मंजुरीची वाट बघायला नको. मंदिराला, मशिदीला, झेडपीच्या शाळेला हेच गणित लागू आहे. काढणीनंतर उसाचे पाचट पेटवण्याऐवजी सरीत ठेवणे हेही याच हिशेबात येते. त्याला ना धर्म लागतो ना अनुदान.

आणि अधिकारी मंडळींसाठी एक. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. तुमच्या गावात किंवा शेजारी अशी विहीर असेल, तर ऑक्टोबरचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. नसेल तर गावातल्या पाच विहिरी तुम्हीच धरा. एक माळावरची, एक ओढ्याकाठची, एक मागासवस्तीची, एक पिण्याची आणि एक सरपंचांच्या स्वतःच्या मळ्यातली. दोरीला दगड बांधून सोडला तरी पातळी कळते. शेजारी गेल्या ऑक्टोबरचा आकडा लिहा, आणि रब्बीची ग्रामसभा त्या फळ्यासमोर भरवा. कांदा किती एकर, हरभरा किती, आणि उन्हाळी पीक मुळी घ्यायचे की नाही, हे तिथे बोला. भूमिहीनांना त्या बैठकीला पुढे बसवा, आणि चराईचा विषय त्यांच्यापासून सुरू करा.